‘उद्रेक’ हा शब्द नेमका कोठे वापरावा?

कोणतेही मराठी वृत्तपत्र सलग आठवडाभर बारकाईने वाचले, तर ‘उद्रेक’ हा शब्द चार-पाच निरनिराळ्या पानांवर भेटतो. पहिल्या पानावर शेतकऱ्यांच्या संतापाचा उद्रेक होतो, शहर पुरवणीत डेंग्यूचा उद्रेक होतो, परदेशच्या बातम्यांत ज्वालामुखीचा उद्रेक होतो आणि रविवारच्या सदरात एखाद्या नायिकेच्या दडपलेल्या भावनांचा उद्रेक होतो. या सर्व ठिकाणी तो योग्यच आहे. मात्र त्याच आठवड्यात तो भाज्यांच्या दरवाढीला, चेहऱ्यावरच्या मुरुमांना आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या हास्यालाही लावलेला आढळतो, आणि तेथे तो खुपतो. तो का खुपतो, हे सांगण्यासाठी आणि लिहिताना हा शब्द केव्हा उचलावा व केव्हा खाली ठेवावा, याची एक साधी रीत मांडण्यासाठी हे टिपण आहे.

बहुतेकांच्या मनात ‘उद्रेक’ म्हणजे काहीतरी एकाएकी आणि जोराने बाहेर पडणे, एवढाच अर्थ असतो. तो चुकीचा नाही, पण अर्धा आहे. जे एकाएकी बाहेर पडते ते आधी बराच काळ आत साठत आलेले असले पाहिजे, हा त्याचा उरलेला अर्धा अर्थ होय, आणि माझ्या मते महत्त्वाचा अर्थ हाच आहे. म्हणून हा शब्द लिहिण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: काय साठत होते, कोठे साठत होते आणि किती काळ? उत्तर देता आले तर शब्द खुशाल वापरावा. उत्तर मिळत नसेल, तर आपल्याला दुसराच एखादा शब्द हवा आहे, आणि मराठीत अशा शब्दांची मुळीच वाण नाही.

शब्दाची घडण पाहिली की हा साठ्याचा अर्थ कोठून आला ते कळते. संस्कृतातील ‘रिच्’ या धातूचा अर्थ रिकामे करणे, सोडणे असा आहे, आणि सोडलेले ते उरते म्हणून शिल्लक राहणे, वर उरणे या अर्थाकडेही तो झुकतो. रिक्त, रेचक, विरेचन हे शब्द पहिल्या अर्थाचे, तर अतिरिक्त, अतिरेक आणि आपला उद्रेक हे दुसऱ्या अर्थाचे. बोलीतला ‘रिता’ हा ‘रिक्त’चाच नातू आहे. ‘उद्’ म्हणजे वर. तेव्हा उद्रेक म्हणजे मूळात वर उरणे, वाढून इतरांवर मात करणे. संस्कृत काव्यशास्त्रात ‘सत्त्वोद्रेक’ हा शब्द रसास्वादाच्या चर्चेत येतो, आणि तेथे रज व तम या गुणांवर मात करून सत्त्वगुण वरचढ होणे एवढाच त्याचा भाव आहे; त्यात आरडाओरडा नाही, धूर नाही, जाळपोळ तर नाहीच. मराठीत येताना या शब्दाने आपली शांत वृत्ती सोडली आणि आज तो जवळजवळ नेहमी अप्रिय गोष्टींसाठी योजला जातो. पण काठोकाठ भरण्याची कल्पना मात्र त्याने टाकली नाही.

व्युत्पत्ती हाताशी असली तरी तिच्यावर सगळा भार टाकू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. एका गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर मी एकदा ‘गच्चीवरील टाकीचा उद्रेक झाल्याने तळमजल्यावर पाणी साचले’ असे वाक्य वाचले होते. टाकी भरून वाहिली होती, इतकेच. धात्वर्थाने पाहिले तर सचिवांचा शब्द अचूक होता; रूढीने पाहिले तर वाचणाऱ्या प्रत्येकाने आधी गच्चीकडे घाबरून पाहिले असणार. शब्दाचा अर्थ ठरवताना शेवटचा कौल रूढीचाच असतो. व्युत्पत्ती दोन जवळच्या शब्दांतला फरक समजून घ्यायला मदत करते, आणि तेवढ्यासाठीच ती येथे घेतली आहे.

उद्रेक, स्फोट आणि भडका

या तिघांची अदलाबदल सर्वांत जास्त होते. तिघांच्याही मागे एकेक चित्र आहे. उद्रेकात आतला साठा काठ ओलांडून वर येतो. स्फोटात भांडेच फुटते. भडक्यात साठलेल्या इंधनाला बाहेरून ठिणगी लागते. ‘स्फुट्’ या धातूत फुटण्याची क्रिया आहे आणि अंगावर येणारा ‘फोड’ हाही त्याच घराण्यातला. म्हणून ज्यात काहीतरी तुटते, उघडे पडते, छिन्नविच्छिन्न होते, त्याला स्फोट म्हणावे. गुपित बाहेर येते तेव्हा आपण गौप्यस्फोट म्हणतो, ‘गौप्योद्रेक’ म्हणत नाही, कारण गुपित भरून वाहत नाही, त्यावरचे आवरण फुटते.

हा फरक पायाखालच्या खडकातही वाचता येतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर लाव्हाचे थरांवर थर पसरले. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या काळ्या बेसाल्टने व्यापलेला आहे आणि 1646 मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखरही त्याच थरांतून कोरले गेले आहे. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते याच थरांमुळे, आणि या खडकांना लावला जाणारा ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. हा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि तुलनेने शांतपणे पसरत गेला. भूगोलाच्या पुस्तकात त्याला भेगी ज्वालामुखी म्हणतात. हा उद्रेक आहे, आणि अतिप्रचंड आहे, पण त्याला सरसकट स्फोट म्हणता येणार नाही. याउलट 27 ऑगस्ट 1883 रोजी इंडोनेशियातील क्राकाटोआ येथे जे घडले, त्यात बेटाचा मोठा भागच नाहीसा झाला आणि त्याचा आवाज सुमारे 4,800 किलोमीटर दूर असलेल्या रॉड्रिग्ज बेटापर्यंत ऐकू गेला. तो उद्रेकही होता आणि स्फोटही होता. अंदमानातील बॅरन बेटावरचा ज्वालामुखी दीर्घकाळ शांत राहून 1991 साली जागा झाला आणि पुढेही अधूनमधून राख व लाव्हा बाहेर टाकत राहिला. त्याच्या बातमीत ‘उद्रेक’ लिहिणेच योग्य. थोडक्यात, ज्वालामुखीविषयी लिहिताना ‘उद्रेक’ हा व्यापक शब्द आहे आणि ‘स्फोट’ हा त्याचा एक प्रकार. ‘ज्वालामुखी फुटला’ हे बोलीत चालते, लेखी मजकुरात ‘ज्वालामुखीचा उद्रेक झाला’ हेच नेमके.

भडक्याचे वेगळे. आगीचा भडका उडतो, दंगलीचा भडका उडतो, महागाईचाही उडतो. येथे क्रियापद ‘उडणे’ आहे, ‘होणे’ नव्हे, याकडे लक्ष द्यावे. भडका म्हटले की ठिणगी कोणती आणि तेल कोणी ओतले, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. म्हणून ज्या घटनेला बाहेरचे तात्कालिक निमित्त मोठे आहे तिला भडका म्हणणे अधिक प्रामाणिक ठरते. टोमॅटोचे भाव चार दिवसांत तिप्पट झाले, तर तो दरांचा भडका. त्याला ‘दरांचा उद्रेक’ म्हणणे म्हणजे टोमॅटोच्या मनात वर्षानुवर्षे काही खदखदत होते असे सुचवणे होय.

माणसाच्या रागाविषयी

येथे मराठी इतकी समृद्ध आहे की ‘उद्रेक’ हा शब्द खरे तर क्वचितच लागावा. प्रत्येक रागाची जात वेगळी असते आणि भाषेने त्या जातींना वेगवेगळी नावे देऊन ठेवली आहेत.

क्षणिक रागाला तिरीमिरी म्हणावे. तिरीमिरी म्हणजे मूळात डोळ्यांपुढे येणारी भोवळ. ‘रागाच्या तिरीमिरीत त्याने राजीनामा फेकला’ या वाक्यात त्या क्षणी त्याला समोरचे दिसत नव्हते, हे सुचते. येथे साठा नाही, म्हणून उद्रेकही नाही. पाय आपटणे, भांडी आदळणे, दारे लावणे अशा दृश्य रागाला आदळआपट किंवा थयथयाट म्हणावे. शब्दांनी केलेल्या भडिमाराला आगपाखड म्हणावे; सुपात धान्य पाखडतात तशी आग पाखडली जात असल्याचे चित्र त्यात आहे. लहान मूल दुकानासमोर लोळण घेते तेव्हा आई ‘पोराने भोकाड पसरले’ म्हणते. समुपदेशकाच्या अहवालात त्याला ‘भावनिक उद्रेक’ म्हटले जाते, आणि तेथे ते चालते, कारण मुलाच्या मनात आधी काय साठले होते याचा शोध घेणे हेच त्या अहवालाचे काम असते.

‘त्रागा’ या शब्दावर जरा थांबावेसे वाटते, कारण तो हल्ली साध्या चिडचिडीसाठी वापरला जातो. गुजरात, काठेवाड आणि राजस्थानात भाट व चारण हे लोक व्यवहारात जामीन राहत. दिलेला शब्द समोरच्याने मोडला, तर ते स्वतःला किंवा आपल्याच घरातल्या माणसाला जखमी करून, प्रसंगी जीव देऊन, त्या रक्ताचे पाप त्याच्या माथी मारत. या भयंकर प्रथेचे नाव त्रागा असे होते. मराठी त्राग्यात आता रक्त उरलेले नाही, पण स्वतःला त्रास करून घेऊन दुसऱ्याला नमवण्याचा भाव मात्र शिल्लक आहे. न जेवता झोपणे, ‘माझे काय, मी मरते इथेच’ म्हणत एकटीनेच सगळी भांडी घासत बसणे, हा त्रागा. उद्रेकाची दिशा बाहेरच्या बाजूला असते, त्राग्याची आतल्या बाजूला.

मग रागाचा उद्रेक केव्हा म्हणावे? ज्या सुनेने, ज्या कारकुनाने किंवा ज्या गावाने दहा वर्षे सोसले आणि अकराव्या वर्षी एका क्षुल्लक निमित्ताने सगळे बोलून दाखवले, त्यांच्याबाबतीत म्हणावे. निमित्त क्षुल्लक असणे ही उद्रेकाची एक चांगली खूण आहे. चहात साखर कमी पडली एवढ्यावरून तासभर भांडण झाले, तर ते भांडण साखरेचे नसतेच. त्याच्या आधीच्या टप्प्याला ‘कडेलोट’ म्हणतात. कड्यावरून लोटून देण्याच्या जुन्या शिक्षेवरून आलेला हा शब्द ‘सहनशीलतेचा कडेलोट झाला’ असा वापरतात. कडेलोट सोसण्याचा होतो आणि उद्रेक सोसलेल्याचा होतो. एकाच वाक्यात दोन्ही आणायचे असतील, तर क्रम हाच ठेवावा.

आयुर्वेदाने दोषांच्या बिघाडाचे जे टप्पे सांगितले आहेत, त्यांत पहिला संचय, दुसरा प्रकोप आणि तिसरा प्रसर हा आहे. पित्ताचा संचय पावसाळ्यात होतो आणि प्रकोप शरद ऋतूत, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात, होतो असे वैद्य सांगतात. राग आला की ‘पित्त खवळले’ म्हणणाऱ्या भाषेला हा क्रम परका नाही. ‘प्रकोप’ आणि ‘उद्रेक’ मात्र अदलून वापरू नयेत. हिंदीत साथीच्या रोगाला सर्रास प्रकोप म्हणतात आणि भाषांतर करणारे तो शब्द उचलून मराठीत आणतात. मराठीत कोप देवाचा, देवीचा किंवा निसर्गाचा असतो, प्रकोप दोषांचा असतो, आणि रोगाची साथ असते, लागण असते किंवा उद्रेक असतो.

दुःख आणि आनंद यांचे उद्रेक करू नयेत, असे मी तरी सांगेन. दुःखाचे कढ येतात, रडण्याचा उमाळा येतो, हुंदका फुटतो. ‘कढ’ हा कढण्यावरून आला आहे, आणि कढी व काढा यांचा तो सख्खा नातेवाईक. म्हणून तो एकदा येऊन संपत नाही, पुन्हा पुन्हा येतो आणि बहुधा अनेकवचनात येतो. उमाळ्याला पाण्याच्या झऱ्याचा ओलावा आहे, त्यामुळे तो मायेलाही शोभतो. आनंदाच्या उकळ्या फुटतात, पण जरा जपून, कारण त्यात मनातल्या मनातली, काहीशी लबाड खुशी असते: प्रतिस्पर्धी नापास झाल्यावर फुटतात त्या उकळ्या. उघड, सामूहिक आनंदाला उधाण येते. 2 एप्रिल 2011 च्या रात्री वानखेडे मैदानावर भारताने विश्वचषक जिंकल्यावर मुंबईच्या रस्त्यांवर जे झाले, तो जल्लोष होता, आनंदाला आलेले उधाण होते. कोकणात उधाण तिथी पाहून सांगता येते. अमावास्या-पौर्णिमेला ते येणार आणि मधल्या दिवसांत भांगाची भरती असणार, हे किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक असते. म्हणून उधाणात भीतीपेक्षा भरभरून येण्याचा भाव अधिक आहे. उद्रेकाची तिथी कोणत्याही पंचांगात नसते.

हसण्याला तर उद्रेकाची गरजच नाही. हशा पिकतो, खसखस पिकते. स्नेहसंमेलनाच्या वृत्तांतात ‘हास्याचा उद्रेक झाला’ असे लिहिणाऱ्याने खसखशीवर अन्याय केला आहे.

रोग आणि कीड

आरोग्य विभागाच्या मजकुरात ‘उद्रेक’ ही जवळजवळ पारिभाषिक संज्ञा झाली आहे, म्हणून तेथे तो शब्द सैलपणे वापरून चालत नाही. विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट काळात एखाद्या रोगाचे रुग्ण नेहमीच्या अपेक्षेपेक्षा जास्त आढळले की त्याला उद्रेक म्हणतात; पोलिओसारख्या आजाराचा एखादा रुग्ण सापडला तरी तो पुरेसा गंभीर मानला जातो. तोच रोग मोठ्या प्रदेशात पसरला की साथ, आणि देशोदेशी पसरला की महासाथ. 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे पहिले रुग्ण आढळले तेव्हा तो उद्रेक होता. पुढे तो पुण्यात व इतरत्र गेला, तेव्हा ती साथ झाली, आणि 1897 चा कायदा ‘साथरोग’ कायदा म्हणून ओळखला जातो, तोही त्याच साथीमुळे आला. वस्तीत दोघांना ताप आला म्हणून ‘उद्रेक’ लिहिणे उतावीळपणाचे आहे. तेथे ‘रुग्ण आढळले’ एवढेच लिहावे. ‘लागण’ ही माणसाला होते आणि ‘साथ’ ही गावाला येते, हा फरकही पाळावा: ‘गावाला काविळीची लागण झाली’ यापेक्षा ‘गावात काविळीची साथ आली’ हे बरे.

साठ्याची कसोटी येथेही लागू पडते, आणि ती किती खोल जाते हे 2022 च्या उत्तरार्धात मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या परिसरात, झालेल्या गोवराच्या उद्रेकात दिसले. त्याआधीच्या दोन वर्षांत कोविडमुळे नियमित लसीकरण विस्कळीत झाले होते आणि लस न मिळालेल्या बालकांची संख्या वाढत गेली होती. विषाणूला नंतर फक्त वाट मिळायची होती. साठत होती ती संरक्षण नसलेली मुले. उद्रेक हा त्या साठ्याचा होता. बातमी लिहिणाऱ्याने हा प्रश्न विचारला, तर शब्दही बरोबर बसतो आणि बातमीही पूर्ण होते.

शेतीत मात्र शेतकरी आणि कृषी अधिकारी दोघेही ‘प्रादुर्भाव’ म्हणतात. तुडतुड्यांचा प्रादुर्भाव, करप्याचा प्रादुर्भाव. प्रादुर्भाव म्हणजे प्रकट होणे. त्यात कमी-जास्त प्रमाण बोलता येते, जसे की ‘प्रादुर्भाव दहा टक्क्यांच्या खाली आहे’. उद्रेकाला टक्केवारी लावता येत नाही. 2017 च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात कपाशीवर गुलाबी बोंडअळीने जो कहर केला, त्याला उद्रेक म्हणण्यास हरकत नाही, कारण वेचणी संपल्यावरही पीक शेतात ठेवून फरदड घेण्याच्या पद्धतीमुळे अळीला वर्षभर खाद्य मिळत आले होते. बाहेरून थव्याने येऊन पडणारे टोळ ही मात्र धाड. मे 2020 मध्ये अमरावती-नागपूरकडे आली ती टोळधाडच. तिचा साठा येथे नव्हता.

वाईट प्रथांच्या किंवा व्यवसायांच्या वाढीला उद्रेक म्हणण्याचीही एक सवय पडली आहे. त्यासाठी दोन अस्सल शब्दप्रयोग आहेत. अफवांना, भ्रष्टाचाराला, जाहिरातबाजीला ‘ऊत येतो’. दुधाला येतो तोच हा ऊत. शिळ्या कढीला आणतात तोही हाच, आणि व्रताच्या कहाणीत ‘उतू नकोस, मातू नकोस’ म्हणून ज्यापासून सावध केले जाते ते उतणेही हेच. खासगी शिकवण्यांचे, बांधकामांचे, नव्या पक्षांचे ‘पेव फुटते’. पेव म्हणजे धान्य किंवा हळद साठवण्याचे जमिनीखालचे कोठार. सांगलीजवळचे हरिपूर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध आहे. पेवात साठा असतो हे खरे, तरी रूढीने ‘पेव फुटणे’ हे मोठ्या संख्येने निपजण्यासाठी राखून ठेवले आहे आणि ते तसेच राहू द्यावे.

वाक्यात बसवताना

‘उद्रेक’ पुल्लिंगी आहे: तो उद्रेक, उद्रेकाचा, उद्रेकाने, उद्रेकांमुळे. जे बाहेर पडते त्याला षष्ठी लावतात, म्हणजे संतापाचा, असंतोषाचा, गोवराचा उद्रेक. ज्वालामुखीच्या बाबतीत मात्र षष्ठी बाहेर पडणाऱ्या लाव्हाला न लागता मुखाला लागते, आणि ती इतकी रुळली आहे की तिच्याशी वाद घालू नये. ‘लोकांचा उद्रेक झाला’ हे बातमीच्या मथळ्यात जागा वाचवण्यापुरते क्षम्य आहे. मजकुरात ‘लोकांच्या असंतोषाचा उद्रेक झाला’ असे पूर्ण लिहावे. क्रियापद ‘होणे’. उद्रेक शमतो, ओसरतो, आटोक्यात येतो, आणला जातो. ‘उद्रेक केला’ हे मराठीत बसत नाही, आणि ‘उद्रेक आला’ हेही नाही.

‘अचानक उद्रेक झाला’ यातील ‘अचानक’ बहुधा कापून टाकावे, कारण शब्दातच ते आहे. ‘प्रचंड उद्रेक’ हेही सावधपणे. याच्याशी गोंधळणारा शब्द म्हणजे ‘उद्वेग’. उद्वेग म्हणजे मनाची तगमग, वैताग, खिन्नता. त्याचे विशेषण उद्विग्न. उद्वेग आत राहतो आणि माणसाला पोखरतो. उद्रेक बाहेर येतो. ‘त्यांनी आपला उद्रेक व्यक्त केला’ असे छापून येते तेथे दहापैकी नऊ वेळा लेखकाला ‘उद्वेग’ म्हणायचे असते. ‘उद्रेग’ असा शब्दच नाही.

त्वचेविषयीच्या मजकुरात भाषांतरातून आलेला ‘मुरुमांचा उद्रेक’ दिसतो. मराठी माणसाच्या अंगावर पुरळ उठते, गोवर उठतो, मुरुमे येतात, नागीण होते. एवढी क्रियापदे हाताशी असताना आणखी एक नाम उसने आणण्याचे कारण नाही.

संवादात हा शब्द टाळावा. कथेतला कोणताही जिवंत मनुष्य ‘काल माझ्या संतापाचा उद्रेक झाला’ असे बोलत नाही. तो ‘माझं डोकंच फिरलं’, ‘मला राहवलं नाही’, ‘माझा तोल सुटला’ किंवा ‘तळपायाची आग मस्तकाला गेली’ असे म्हणतो. उद्रेक हा लांबून पाहणाऱ्याचा, लेखणी हातात असलेल्याचा शब्द आहे.

कर्ता कोठे गेला?

शेवटची सूचना व्याकरणातूनच निघते, पण ती शब्दयोजनेपेक्षा मोठी आहे. उद्रेक ‘होतो’, कोणी तो ‘करत’ नाही. म्हणजे हा शब्द आला की वाक्यातून कर्ता नाहीसा होतो. कधी कधी ते योग्य असते. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल करून कर्जाची खते आणि हिशेबाच्या वह्या जाळल्या, आणि हे लोण पुणे व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत गेले. इतिहासाच्या पुस्तकांत हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदले आहेत. पण त्यामागे अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 साली संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव होते, 1867 च्या फेरआकारणीनंतर वाढलेला शेतसारा होता, आटलेली पत होती आणि ज्यावर अंगठा उठवला ते वाचता न येणारा ऋणको होता. जमावाचा रोख बहुतांशी माणसांवर नव्हे, तर कागदांवर होता. येथे ‘असंतोषाचा उद्रेक’ हा शब्द ‘दंगा’ या शब्दापेक्षा सत्याच्या जवळ जातो, कारण दंगा फक्त तो दिवस पाहतो आणि उद्रेक त्यामागची दहा वर्षे पाहतो. सरकारलाही शेवटी त्या दहा वर्षांकडे पाहावे लागले. चौकशी आयोग नेमला गेला आणि 1879 साली दक्षिणेतील शेतकऱ्यांना कर्जातून काहीसा दिलासा देणारा कायदा झाला.

पण हाच शब्द आडोसाही होऊ शकतो. जेथे लोक आधी जमवले गेले, दगड आधी आणून ठेवले गेले, घरे निवडून जाळली गेली, तेथे ‘जनभावनेचा उद्रेक झाला’ असे लिहिणे म्हणजे आखणी करणाऱ्यांना वाक्याबाहेर सुखरूप पोहोचवणे होय. तेथे ‘हल्ला केला’, ‘जाळपोळ केली’ अशी कर्तरी वाक्ये लिहावीत आणि कर्ता ठाऊक नसेल तर ‘जमावाने’ असे तरी लिहावे. घरातल्या मारहाणीबाबतही तेच. ‘त्याच्या रागाचा उद्रेक झाला आणि ती जखमी झाली’ या वाक्यात मारणारा कोणीच नाही. राग आपणहून उसळला आणि बाई आपणहून जखमी झाली. पोलिसांच्या प्रथम खबरेत असे वाक्य कोणी लिहीत नाही. तेथे ‘पतीने हाताने व लाकडी दांडक्याने मारहाण केली’ असे सरळ लिहिलेले असते, आणि ते मराठी वृत्तलेखनाने उचलण्याजोगे आहे.